डेझिरेचे गीत : गवयाचे की नटाचे?

ज्या संगीत रंगभूमीवर एकेका पदाला ‘वन्स मोअर’ मिळून नाटकाचा ओघ खोळंबून राहत असे, तिच्या वारसदारांना नाटकातील गीतावर खरा अखत्यार गवयाचा की नटाचा, हा वाद काही नवा नाही. अमेरिकी संगीतिकेच्या इतिहासात या वादाचा फैसला नटाच्या बाजूने करणारे एक गीत आहे, आणि ते म्हणजे स्टीफन सोंडहाइम यांचे ‘सेंड इन द क्लाउन्स’.

इंगमार बर्गमन यांच्या 1955 सालच्या ‘स्माइल्स ऑफ अ समर नाइट’ या चित्रपटावर आधारलेली ‘अ लिट्ल नाइट म्यूझिक’ ही संगीतिका 1973 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या रंगमंचावर आली. तिची नायिका डेझिरे ही गावोगाव प्रयोग करीत फिरणारी, यौवनाचा बहर ओसरू लागलेली नटी. आयुष्यभराच्या भटकंतीनंतर आता स्थिर व्हावे, या आशेने ती आपला पूर्वीचा प्रियकर फ्रेडरिक याच्यापुढे मन मोकळे करते. परंतु कोवळ्या वयाच्या दुसऱ्या पत्नीच्या मोहात गुंतलेला तो गृहस्थ तिला नकार देतो. त्या नकाराच्या क्षणी हे गीत येते. ती आक्रोश करीत नाही की त्याला बोल लावीत नाही. पूर्वी त्याने हात पुढे केला तेव्हा आपण तयार नव्हतो आणि आज आपण तयार आहो तर तो नाही, हा दैवाचा विपरीत हिशेब ती स्वतःशीच मांडते. जातीची नटी असल्यामुळे तिच्या दुःखालाही रंगभूमीचीच परिभाषा सुचते : प्रयोग ढासळू लागला, तर सावरून घेण्यासाठी आता विदूषकांनाच पाठवा, असे ती म्हणते.

या गीताची जन्मकथा मोठी बोधप्रद आहे. हा प्रसंग मुळात फ्रेडरिकचा, तेव्हा गीतही त्याचेच असावे, अशी सोंडहाइम यांची धारणा होती. पण दिग्दर्शक हॅरल्ड प्रिन्स यांनी प्रसंगाची मांडणी अशी बदलली की त्याचे सारे वजन डेझिरेकडे झुकले, आणि तालमी बऱ्याच पुढे गेल्यावर तिच्यासाठी हे गीत रचले गेले. भूमिका करणाऱ्या ग्लिनिस जॉन्स यांचा आवाज नाजूक आणि रुपेरी, परंतु स्वर दीर्घकाळ धरून ठेवणे त्यांना साधत नसे. या उणिवेवर पांघरूण घालण्याऐवजी सोंडहाइम यांनी तिलाच रचनेचा पाया केले : ओळी तोकड्या, बऱ्याचशा प्रश्नार्थक, आणि त्यांच्या अखेरीस स्वर लांबवू न देणारी व्यंजने. त्यामुळे प्रत्येक प्रश्नानंतर श्वास घेण्यापुरती जागा उरली आणि त्या जागेत अभिनयाला वाव मिळाला. पुढे गीत अपुरे असतानाच फ्रेडरिक क्षमा मागून निघून जातो. अखेरचे कडवे डेझिरे एकटीच गाते, आणि इतका वेळ त्याला विचारलेले प्रश्न आता केवळ तिचे स्वतःचे उरतात. जॉन्स यांना या भूमिकेसाठी टोनी पुरस्कार मिळाला.

फ्रँक सिनात्रा आणि जूडी कॉलिन्स यांच्या ध्वनिमुद्रणांमुळे हे गीत नाटकाबाहेर सर्वतोमुखी झाले आणि 1976 मध्ये त्याला वर्षातील सर्वोत्तम गीताचा ग्रॅमी पुरस्कारही मिळाला. ही गायने सुरेल आहेत, श्रवणीय आहेत. परंतु स्वराची रेघ अखंड राखण्याच्या नादात गायक त्या मधल्या जागा भरून काढू लागला, की डेझिरेचा अपमान, तिचे हसू आणि तिचा पश्चात्ताप ही सारी एकाच गोड उदासीनतेत विरून जातात.

म्हणूनच जूडी डेंच यांचा दाखला महत्त्वाचा वाटतो. 1995 मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये त्यांनी डेझिरे साकारली आणि पुढील वर्षी त्याबद्दल त्यांना ऑलिव्हिए पुरस्कार लाभला. 2010 मध्ये, सोंडहाइम यांच्या ऐंशीव्या वर्षानिमित्त रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झालेल्या मैफलीत, वयाच्या पंचाहत्तरीत त्यांनी हेच गीत पुन्हा गायिले. त्यांचा स्वर घोगरा, काठाशी किंचित चिरलेला. शब्द संभाषणाच्या सीमेवरून जेमतेम गाण्यात शिरणारे. प्रश्न विचारून त्या थांबतात, आणि त्या थांबण्यात उत्तराची आशा मावळत जाते. सबंध वाद्यवृंद पाठीशी असूनही त्यांनी स्वराचे वैभव दाखविण्याचा मोह धरला नाही, कारण मानी स्त्री दुःखाच्या ऐन क्षणी प्रथम आपला आवाज सावरते, हे त्या अभिनेत्रीला पुरते ठाऊक होते.

गायनातील भाव हा कंठाच्या ऐश्वर्यावर अवलंबून असतो, हा आपल्याकडेही दृढमूल झालेला समज या गीतापुरता तरी टिकत नाही. आपल्या नाट्यपदांवर प्रेम करणाऱ्या रसिकांनी ते अवश्य ऐकावे; मात्र प्रथम एखाद्या नटीच्या मुखातून, आणि आधीचा प्रसंग समजून घेऊन ऐकावे.