मोहफुलांचे घरगुती मद्य : प्रक्रिया, परंपरा आणि कायदा

प्रास्ताविक

पारंपरिक मद्यनिर्मितीचा विषय निघाला की फ्रान्समधील लहान कौटुंबिक द्राक्षमळ्यांचे उदाहरण हटकून दिले जाते. बरगंडीसारख्या प्रदेशात काही एकर द्राक्षवेली, थंड तळघर, ओक लाकडाची पिंपे आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली कृती एवढ्या भांडवलावर एखादे कुटुंब आपले मद्य तयार करते व बाटलीवर अभिमानाने गावाचे नाव घालते. नागपूरच्या पूर्वेस व दक्षिणेस गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांच्या वनप्रदेशातही अशीच एक कौटुंबिक मद्यविद्या नांदत आली आहे. तिचा कच्चा माल म्हणजे मोहाचे फूल. तिची नोंद मात्र बहुधा पोलिसांच्या पंचनाम्यातच आढळते. या दोन परंपरांत तंत्राचा भेद आहेच. परंतु कायद्याने त्यांच्यात जे अंतर निर्माण केले, ते तंत्रभेदापेक्षा कितीतरी मोठे आहे.

फुलापासून धारेपर्यंत

मोहाची मांसल, फिकट पिवळी फुले मार्च-एप्रिलमध्ये पहाटेच्या सुमारास झाडाखाली गळून पडतात. ती टोपल्यांत वेचण्याचे काम मुख्यतः स्त्रिया व मुले करतात. वेचणे सुकर व्हावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याची पद्धत आहे, आणि उन्हाळ्यातील वणव्यांचे ते एक कारणही ठरते. फुले उन्हात वाळवली की तांबूस-तपकिरी होतात. वाळलेल्या फुलाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शर्करेचा असतो. त्यामुळे ती महिनोन्‌महिने टिकतात आणि टंचाईच्या काळात अन्न म्हणूनही उपयोगी पडतात.

द्राक्षाशी तुलना केली असता येथे एक महत्त्वाचा भेद दिसतो. द्राक्षात पाणी व साखर दोन्ही असतात. तोडणी झाली की रस लगेच आंबवावा लागतो, म्हणून फ्रेंच कुटुंबाचे मद्य वर्षातून एकदाच होते आणि त्या त्या वर्षाच्या हवामानाची खूण त्यावर राहते. मोहाचे वाळलेले फूल हा साठा असतो. लग्न असो, सण असो वा मर्तिक, गरज पडेल तेव्हा तो पाण्यात भिजवता येतो. भिजवलेल्या फुलांवर व मडक्यात असलेले नैसर्गिक किण्व साखरेचे अल्कोहोल व कर्बवायूत रूपांतर करते. या आंबलेल्या मिश्रणास ‘सडवा’ म्हणतात. हवेतील उष्णतेनुसार त्यास काही दिवस लागतात. बुडबुडे थांबले की सडवा तयार झाला, असे समजले जाते.

फ्रेंच मद्यकार किण्वनानंतर थांबतो, गाळतो आणि तळघराच्या थंडाव्यात द्रव मुरत ठेवतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात सडवा तसाच ठेवल्यास अल्कोहोलचे आम्लात रूपांतर होऊन तो लवकरच आंबट होतो. ऊर्ध्वपातनाची जोड येथे का आवश्यक ठरली, याचे एक उत्तर या हवामानात शोधता येते. नाशिकच्या आधुनिक वाइन कारखान्यांनाही शीतकरणाच्या पोलादी टाक्यांचा आधार घ्यावा लागतो, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

ऊर्ध्वपातनाची रचना साधी आहे. चुलीवर सडव्याचे मडके, त्यावर बुडाशी छिद्रे असलेले दुसरे मडके, त्याच्या आत मद्य साठवणारे लहान भांडे आणि सर्वांत वर थंड पाण्याचे पातेले. सांधे चिखलाने वा ओल्या फडक्याने बंद केलेले. अल्कोहोल सुमारे ७८ अंश सेल्सिअसला उकळते, पाणी १०० अंशाला. त्यामुळे आरंभीच्या वाफेत अल्कोहोलचे प्रमाण अधिक असते. ती वाफ थंड बुडाला लागून आतल्या भांड्यात ठिबकते. पातेल्यातील पाणी तापले की बदलायचे. पाणी जितक्या वेळा बदलले जाईल तितके मद्य वाढते, पण सौम्य होत जाते. मराठीतील ‘पहिल्या धारेची’ हा वाक्प्रयोग याच अनुभवातून आला आहे. तीव्रतेच्या परीक्षेसाठी थोडे मद्य विस्तवावर टाकून ज्योत पाहतात. या मद्याचे काही थेंब पूर्वजांना व देवांना अर्पण केल्याशिवाय अनेक गोंड विधी पूर्ण होत नाहीत. गूळ व नवसागर घालून विक्रीसाठी गाळली जाणारी हातभट्टीची दारू ही निराळी वस्तू होय. दोहोंना एकच नाव दिल्याने बराच घोटाळा झाला आहे.

कायद्याची दृष्टी

फ्रान्समध्ये भेसळ व बनावट नावांना कंटाळलेल्या उत्पादकांच्या मागणीतून १९३५ मध्ये उगमस्थानाच्या नावाला राष्ट्रीय पातळीवर कायद्याचे संरक्षण मिळाले. परंतु तेथेही सारेच मोकळे राहिले नाही. आपल्या मळ्यातील फळांपासून वर्षाला १० लिटर शुद्ध अल्कोहोलपर्यंत मद्य करमुक्त गाळण्याचा कौटुंबिक हक्क १९६० मध्ये वारसाने मिळणे बंद झाले. ज्यांच्याकडे तो होता, त्यांच्यापुरताच तो हयातभर उरला.

आपल्याकडे मुंबई इलाख्यात ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी १८९२ मध्येच मोहफुलांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम, १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आल्यावर, पुढे येथेही लागू झाला. २००९ मध्ये गोव्याच्या काजू फेणीस भौगोलिक मानांकन मिळाले, तर मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये मोहाच्या मद्यास वारसा मद्य म्हणून मान्यता देण्याचे धोरण स्वीकारले. महाराष्ट्राने २०२१ मध्ये मोहफुलांचे संकलन, साठवण व वाहतूक यांवरील निर्बंध शिथिल केले. फूल घरात ठेवणे त्यामुळे सुकर झाले. तेच फूल विनापरवाना भिजवून गाळणे मात्र गुन्हाच राहिले.

गडचिरोलीचा अनुभव

तथापि या प्रश्नाकडे केवळ परंपरेच्या अभिमानाने पाहता येत नाही. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे आणि ती वरून लादलेली नव्हती. लोकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, अनेक वर्षांच्या चळवळीतून ती आली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावानेही स्त्रियांच्या आग्रहातून गावापुरती दारूबंदी स्वीकारली. ज्या हातांनी पहाटे फुले वेचली, त्यांनीच दारूला विरोध केला, ही वस्तुस्थिती वारशाची भाषा बोलणाऱ्यांनी नजरेआड करू नये. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ मध्ये झालेली बंदी २०२१ मध्ये उठली, हेही तितकेच बोलके आहे.

विधीसाठी लागणारे मद्य, घरगुती सेवन आणि विक्री या तीन गोष्टींत जिल्हा पातळीवरील बंदी फरक करू शकत नाही. गावाला तो करता येतो. अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या १९९६ च्या पेसा अधिनियमात मादक पदार्थांची विक्री व सेवन यांवर बंदी घालण्याचा अथवा त्यांचे नियमन करण्याचा अधिकार ग्रामसभा व योग्य स्तरावरील पंचायत यांना देण्याची तरतूद आहे. महाराष्ट्राने त्या अधिनियमाचे नियम २०१४ मध्ये केले. कोणत्या विधीला किती मद्य लागते आणि कोणत्या घरातील भट्टी विक्रीसाठी पेटते, हे ग्रामसभेत बसलेल्या स्त्रियांना कोणत्याही निरीक्षकापेक्षा अधिक नेमके ठाऊक असते.