दाबक चाळीतला बाप

मुंबईने आपल्या बापजाद्यांना गिरणीत, गोदीत राबवले. सुभेदार रामजी सकपाळ परळच्या दाबक चाळीत आले ते मुलांना शिकवण्याचे वेड घेऊन. मूळ गाव कोकणातले आंबडवे. मग महू, दापोली, सातारा आणि शेवटी मुंबई. लष्करी शाळेत शिकवलेल्या या माणसाला आता आधार होता पेन्शनचा.

खोली एकच, माणसे दाटीने राहत. भीमरावाला लवकर निजवून रामजी रात्री दोनपर्यंत जागत, मग त्याला अभ्यासाला उठवत आणि स्वतः आडवे होत. पुस्तक हवे झाले की लेकीच्या दारी जात. तिचा दागिना गहाण ठेवत, पेन्शन हाती येताच सोडवून परत देत. आम्हा कारकुनांना महिनाअखेर ठाऊक आहे. पण सासरी गेलेल्या लेकीपुढे हात पसरणे कोणत्या खात्यात मांडायचे?

२ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी गेले. त्याच वर्षी मुलगा कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेला, ते त्यांनी पाहिले नाही. १९२३ साली बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ निघाला. तो आई-वडिलांच्या स्मृतीस अर्पण केलेला आहे. आपल्या शिक्षणासाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल कृतज्ञता म्हणून.