कारवानी पिल्लाला वळण लावताना

मराठवाड्यात शेताच्या राखणीला लांब तोंडाचा, सडपातळ कारवानी कुत्रा पाळतात. पळणारे दिसले की मागे धावायचे, हा त्याचा शिकारी स्वभाव. मग पुढे करडू असो की खेळणारे मूल. यावर नुसती साखळी हा उपाय नव्हे. लहानपणीच वळण लावावे, असे आम्हांस वाटते.

पिल्लू ८ आठवड्यांचे होईपर्यंत आईजवळच ठेवावे. तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे ३ महिन्यांपर्यंत त्याला ज्यांची सवय होते, त्यांना ते पुढे सहसा बिचकत नाही. म्हणून याच काळात मुले, शेळ्या, कोंबड्या, मोटारसायकल यांची हळूहळू ओळख करून द्यावी.

रोज दोन वेळा पाच-पाच मिनिटे नावाने हाक मारावी. आले की भाकरीचा तुकडा द्यावा. 'बस', 'थांब' असेच शिकवावे. घरात सर्वांनी एकच शब्द वापरावा. हाकेला आलेल्या पिल्लास मारू नये. पुन्हा येणार नाही. ३ महिन्यांचे होताच रेबीजची लस टोचून घ्यावी.

ससा-हरणामागे मात्र सोडू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती शिकार गुन्हा आहे; कुत्रा धावला तरी कोर्टात मालकालाच उभे राहावे लागते.