कवच पातळ का झाले?

लातूरला आमच्या घरामागे परसात चार गावरान कोंबड्या आहेत. दिवाळीच्या सुमारास अंड्यातून निघालेली ही पिले उन्हाळ्यापर्यंत तलंगा झाली. त्यांचे तुरे लाल झाले आणि एप्रिलअखेर एकीने पहिले अंडे घातले. घरात कोण आनंद! पण पुढच्या पंधरवड्यात तिची दोन अंडी हातातच पिचली आणि एक तर नुसत्या पापुद्र्यात घातलेले निघाले. नांदेडहून आलेल्या आत्यांनी निकाल दिला, "कोंबडी खोडीची दिसते. तिला बाजार दाखवा."

खेड्यात अशा पुष्कळ कोंबड्या बाजारात जातात आणि मुलांच्या तोंडचे अंडेही जाते. पण खोड खरोखर कोंबडीचीच असते का?

अंडे कसे तयार होते ते पाहू. कोंबडीचा बहुधा डावा अंडाशयच वाढतो. त्यातून पिवळा बलक सुटून अंडवाहिनीत उतरतो. तिथे सुमारे तीन तासांत त्याभोवती पांढरा बलक जमतो आणि पुढच्या तासा-सव्वा तासात दोन पातळ पापुद्रे चढतात. मग कवच बनायला मात्र जवळजवळ वीस तास लागतात. ते बरेचसे रात्री, कोंबडी झोपेत असताना, घडते. (कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी घालते, त्यांतून पिले निघत नाहीत, एवढेच.)

कवच जवळजवळ सगळे कॅल्शियम कार्बोनेटचे असते. पाच ग्रॅम कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते. ते चाऱ्यातून येते आणि रात्री कमी पडले तर हाडांतून काढले जाते. पहिल्या अंड्याआधी सुमारे दोन आठवडे तलंगेच्या हाडांच्या पोकळीत हा साठा होऊ लागतो. कार्बोनेट येते ते शरीरात तयार होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपासून. कवचाच्या तुकड्यावर व्हिनेगर टाका. जे बुडबुडे निघतात, ते याच वायूचे.

आता मराठवाड्यातला मे महिना आठवा. पारा चाळीसच्या वर जातो. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात, म्हणून ती चोच उघडी टाकून धापा टाकते. तोंडातल्या ओलाव्याची वाफ होऊन अंग थंड होते, पण त्याबरोबर कार्बन डायऑक्साइडही गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. रक्तात तो कमी झाला की कवचाला कार्बोनेट अपुरे पडते. शिवाय उन्हाने खाणे घटते, म्हणजे कॅल्शियमही घटते. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १९८० च्या दशकात कोंबड्यांना उष्ण हवेत चक्क सोडावॉटर पाजून पाहिले, तेव्हा कवचे जाड झाली!

त्यातच आमची तलंग नवखी. सुरुवातीच्या काही अंड्यांत असा विस्कळीतपणा एरवीही दिसतो.

आम्ही कोंबडी विकली नाही. खुराड्यावर पाचटाची सावली केली, ओली पोती टांगली, दिवसातून तीनदा गार पाणी ठेवले. रात्री कवच बनते, म्हणून संध्याकाळी शिंपल्यांचा चुरा आणि भाजून कुटलेली अंड्यांची कवचे वेगळ्या वाटीत ठेवू लागलो. मृगाचा पाऊस झाला आणि जूनच्या मध्यापर्यंत अंडी टणक येऊ लागली.

मग गुण कशाने आला? सावलीने, शिंपल्यांनी, पावसाने, की कोंबडी सरावल्याने? आम्ही सगळेच एकदम बदलले, त्यामुळे सांगता येत नाही. आमच्या प्रयोगातली ही चूकच. तुमच्या वर्गातल्या ज्या मुलांच्या घरी कोंबड्या आहेत, त्यांना पुढच्या उन्हाळ्यात वही घालायला सांगा. सावली सर्वांना द्यावी, पण चुरा निम्म्याच घरांनी द्यावा. अंड्याची तारीख, दुपारचे तापमान आणि वाळवलेल्या कवचाचे वजन टिपावे. एखाद्या कोंबडीला बाजार दाखवण्याआधी एवढी चौकशी व्हायला हवी.