‘उलटीची गोळी द्या’... पण कोणती?

सकाळचे साडेसहा. धाडच्या स्टँडवर बुलढाण्याच्या एसटीची वाट बघणारी गर्दी, त्यात निम्मी कॉलेजची पोरं. कुणाच्या हातात प्रॅक्टिकलचं जर्नल, कुणाच्या कानात इअरफोन, तर एखाद-दुसऱ्याच्या मुठीत अर्धं कापलेलं लिंबू. ‘मले गाडी लागते ना बाप्पा,’ हे वाक्य इथं रोज कानावर पडतं. त्यावरचे उपायही ठरलेले. लिंबू हुंगा, आलेपाक चघळा, नाहीतर पेपरावर बसा. (हो, तुम्ही आत्ता वाचताय त्याच पेपरावर!) आणि काहीच नाही जमलं तर मेडिकलवर जाऊन तीन शब्द बोला, ‘उलटीची गोळी द्या.’

या तीन शब्दांनी माझ्या एका मैत्रिणीचा बीएस्सीचा प्रॅक्टिकल बुडाला. नाव लिहायचं नाही या अटीवर तिनं हा प्रसंग सांगायची परवानगी दिली.

लग्नाच्या पंगतीतलं जेवण बाधलं आणि तिला उलट्या सुरू झाल्या. भावानं गोळ्या आणून दिल्या. सकाळी एक, दुपारी एक, रात्री एक. उलट्या थांबल्या. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल होता, म्हणून ती एसटीत बसली. अर्ध्या वाटेत तिची मान एका बाजूला वळली आणि तशीच अडकली. डोळे वर चढले, जबडा आवळला, जीभ जड झाली. शुद्ध मात्र पूर्ण होती. ‘मला सगळं ऐकू येत होतं, पण बोलताच येईना,’ असं ती सांगते. कुणी म्हणालं फिट आली, कांदा हुंगवा. एक आजी म्हणाल्या, बाहेरचं दिसतंय. कंडक्टरनं मात्र कुणाचं ऐकलं नाही, बुलढाण्यात पोचताच तिला दवाखान्यात नेऊन सोडलं. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘काल कोणती गोळी घेतली?’ नशीब, स्ट्रिप पर्समध्येच होती. नाव होतं मेटोक्लोप्रमाइड. एक इंजेक्शन दिलं आणि अर्ध्या तासात मान सरळ झाली.

ही ना फिट होती, ना बाधा. हा त्या औषधाचा ठाऊक असलेला दुष्परिणाम. मेंदूतल्या डोपामिन नावाच्या रसायनाचा संदेश ही गोळी अडवते. त्यानं उलटी थांबते, पण काही जणांत स्नायूंवरचा ताबाही बिघडतो. बहुतेकदा हे पहिल्या एक-दोन दिवसांतच होतं, आणि लहान मुलांत व तरुणांत, त्यातही मुलींत जास्त. म्हणजे नेमकं आपल्याच वयात. नेहमीच्या डोसलाही हे होऊ शकतं. म्हणून औषध वाईट ठरत नाही, डॉक्टर ते विचार करूनच देतात. पण युरोपच्या औषध नियामक संस्थेनं २०१३ मध्ये सांगितलं, की हे औषध जास्तीत जास्त पाच दिवसच द्यावं.

गोळ्या अनेक, कामं वेगवेगळी

मुळात ‘उलटीची गोळी’ नावाची एकच गोळी नसते. उलटी कुठून येते, त्यावर गोळी ठरते.

गाडी का लागते ते बघा. कानाच्या आत तोल सांभाळणारा एक अवयव असतो. राजूर घाटातून मलकापूरकडे उतरताना तो मेंदूला सांगतो, ‘आपण वळतोय, हलतोय.’ डोळे मात्र मोबाइलवरच्या रीलवर, ते सांगतात, ‘कुठं काय, सगळं स्थिर आहे.’ दोन साक्षी जुळत नाहीत, मेंदू गोंधळतो आणि मळमळ सुरू होते. म्हणूनच रस्त्यावर नजर असलेल्या ड्रायव्हरला सहसा गाडी लागत नाही.

यावर चालतात त्या प्रोमेथाझिन किंवा सिनारिझिनसारख्या गोळ्या. पण त्या आधी घ्याव्या लागतात. सिनारिझिन साधारण दोन तास आधी. घाट सुरू झाल्यावर, तोंडाला पाणी सुटल्यावर घेतलेली गोळी अंगात उतरायच्या आधीच बाहेर पडते. दुसरी गोष्ट, या गोळ्यांनी झोप येते. एसटीतून उतरून लगेच टू-व्हीलरला किक मारणार असाल, तर नकोच. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांसोबत तर अजिबात नको. आणि परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदाच घेऊन बघू नका, तीन तास पेपर समोर आणि डोळे मिटलेले, अशी गत होते.

ऑन्डॅन्सेट्रॉन आज घराघरांत पोचलंय. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते आलं, ते कॅन्सरच्या केमोथेरपीनंतरच्या भयंकर उलट्यांसाठी. आतड्यांतून मेंदूकडे जाणारा सेरोटोनिनचा संदेश ते अडवतं. पोट बिघडून होणाऱ्या उलट्यांतही डॉक्टर ते देतात. पण गाडी लागण्यावर त्याचा फारसा उपयोग नाही, कारण तिथं गडबड पोटात नसून कानात असते. म्हणजे घाटात ही गोळी घेऊन बसलात, तर डोकेदुखी आणि बद्धकोष्ठ पदरात, उलटी आहे तिथंच!

तिसरं डॉम्पेरिडोन. होस्टेलवर ‘पित्ताची कॅप्सूल’ सगळ्यांकडे असते. तिच्या नावापुढे ‘डी’ असेल, तर तो बहुतेकदा डॉम्पेरिडोनचा. सकाळी ती घेतली, दुपारी मळमळलं म्हणून वर डॉम्पेरिडोनची वेगळी गोळी घेतली, की एकच औषध दोन नावांनी पोटात गेलं. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका असल्यानं युरोपात २०१४ पासून मोठ्यांसाठी दिवसाला ३० मिलिग्रॅम आणि साधारण एक आठवडा, अशी मर्यादा आहे. काही अँटिबायोटिक आणि बुरशीवरच्या काही गोळ्यांसोबत हा धोका वाढतो. ठोक्यांच्या बाबतीत ऑन्डॅन्सेट्रॉनलाही जपावं लागतं. म्हणून दुसरं कुठलंही औषध चालू असेल, तर ते आधी सांगायचं.

उलटी थांबली, म्हणजे आजार थांबला?

खरी भीती इथं आहे. उलटी हा आजार नाही, निरोप आहे. निरोप्याचं तोंड बंद केलं म्हणून घरातली आग विझत नाही. पोटात उजवीकडे खाली सतत दुखतंय, डोक्याला मार लागल्यावर उलटी होतेय, तापासोबत मान आखडलीय, उलटीत रक्त किंवा हिरवं पाणी आहे, सहा-आठ तास लघवी नाही, यातलं काहीही असेल तर मेडिकल नाही, थेट दवाखाना.

आपल्या भागात आणखी एक कारण असतं. सुटीत आपण कपाशी-सोयाबीनवर फवारणी करायला जातो. फवारणीनंतर मळमळ, उलटी, तोंडाला लाळ, घाम, डोळ्यांपुढे अंधुक, असं झालं तर ते ‘ऊन लागलं’ नसून विषबाधा असू शकते. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-मजुरांचा जीव गेला, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. अशा वेळी उलटीची गोळी देऊन झोपवणं म्हणजे वेळ घालवणं. कपडे काढा, अंग साबणानं धुवा, १०८ ला फोन करा आणि औषधाचा डबा किंवा त्यावरचं लेबल सोबत न्या.

आणखी एक गोष्ट, जी घरात बोलली जात नाही. पाळी चुकलीय आणि सकाळी मळमळतंय, तर आधी तपासणी, मगच औषध. १९५० च्या दशकाच्या शेवटी परदेशात थॅलिडोमाइड हे औषध गरोदरपणातल्या मळमळीवर सर्रास दिलं जायचं. हातापायांत व्यंग असलेली हजारो बाळं जन्माला आली, तेव्हा कुठं १९६१ मध्ये ते बाजारातून मागं घेणं सुरू झालं.

आधी पाणी

बाहेरचं खाऊन होणाऱ्या साध्या उलट्या बहुतेकदा एक-दोन दिवसांत आपोआप थांबतात. तोवर जपायचं ते शरीरातलं पाणी. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात कालवा. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. उलटीनंतर दहा मिनिटं थांबा, मग घोट-घोट घ्या. गटागट प्यायलात, तर तेही बाहेर येतं.

माझी मैत्रीण आजही त्याच एसटीनं जाते. पुढची सीट पकडते, मोबाइल बॅगेत टाकते, नजर लांब रस्त्यावर ठेवते. मान अडकवणाऱ्या त्या गोळीचं नाव तिनं आधार कार्डाच्या पाकिटात लिहून ठेवलंय आणि कुठल्याही डॉक्टरांना आधी तेच दाखवते. परवा लांबच्या प्रवासाला निघायचं होतं, तेव्हा मी तिच्यासोबत मेडिकलवर होते. ती म्हणाली, ‘दादा, मला गाडी लागते, पोट बरं आहे. मेटोक्लोप्रमाइड मला चालत नाही. डॉक्टरांनी ही लिहून दिलीय.’ आणि चिठ्ठी पुढे केली.

तीन शब्दांऐवजी तीन वाक्यं. फार वेळ लागला नाही, एसटीही चुकली नाही.

खिशात ठेवा

• ‘उलटीची गोळी’ न मागता, उलटी कशामुळे होतेय ते सांगा.
• स्ट्रिपवर उभी लाल रेघ असेल, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका.
• स्ट्रिप कापून घेतली तर नाव आणि एक्स्पायरी दिसेल असा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.
• मोठ्यांची गोळी अर्धी करून लहान भावंडांना देऊ नका.
• गोळीनंतर मान, जबडा किंवा डोळे अडकले, छाती धडधडली, चक्कर येऊन पडलात, तर पुढची गोळी न घेता दवाखाना गाठा. स्ट्रिप सोबत न्या.