परदेशीं विमानतळावरील टॅक्सी

मुलाच्या किंवा मुलीच्या भेटीकरितां आईबापांनीं चार-सहा महिने अमेरिकेस जाऊन राहावें, ही गोष्ट आतां आपल्या घरांतून नवलाची राहिलेली नाहीं. मसाले, औषधें, लोंकरीचे कपडे यांच्या याद्या महिनाभर आधींपासून होतात. परंतु विमानांतून उतरल्यावर मुक्कामाचें घर कसें गांठावयाचें, याचा विचार बहुधा ‘मुलगा न्यावयास येईल’ एवढ्यावरच थांबतो. त्याला कांहीं कारणानें येतां आलें नाहीं, म्हणजे पंधरा-सोळा तासांच्या प्रवासानें शिणलेल्या त्या दोन वृद्धांना कोणीहि ठकवूं शकतो. म्हणून गाडींत बसण्यापूर्वींच एक गोष्ट ठाऊक असावी: येथील भाडें कोण ठरवितो? शहर, मीटर, कीं चालक?

न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाचें उदाहरण घेऊं. तेथून शहराच्या मॅनहॅटन भागापर्यंत पिवळ्या टॅक्सीचें भाडें शहराच्या टॅक्सी खात्यानेंच बांधून दिलेलें आहे. १९९६ सालीं ही पद्धत सुरू झाली तेव्हां तें ३० डॉलर होतें. डिसेंबर २०२२ मध्यें ७० डॉलर झालें. टोल, सरकारी अधिभार आणि कामाच्या दिवशीं सायंकाळीं ४ ते ८ पर्यंतचे ५ डॉलर त्याहून वेगळे. उतारूंच्या संख्येबद्दल किंवा सामानाबद्दल मात्र जादा आकार नाहीं.

हा दर मॅनहॅटनपुरताच आहे, हें विसरूं नये. ब्रुकलिन किंवा क्वीन्स भागांत जावयाचें तर मीटरप्रमाणें पैसे पडतात. आपल्या मराठी मंडळींची मोठी वस्ती आहे ती शेजारच्या न्यू जर्सी राज्यांत, एडिसनच्या आसपास. तेथें न्यूयॉर्कचा बांधलेला दर लागू नाहीं. भाडें चालकाशीं बोलून ठरवावें लागतें. म्हणजे आपल्या लोकांना जो प्रवास वारंवार पडतो, नेमका त्यांतच ही सोय नाहीं. तेव्हां एकूण आंकडा आणि टोल त्यांत धरला आहे कीं नाहीं, हें आधींच स्पष्ट करून कागदावर लिहून घ्यावें. तिकीट काढतांना न्यू जर्सींतील नेवार्क विमानतळ मिळत असेल, तर तोच पत्करणें अधिक सोयीचें.

दुसरी सावधगिरी माणसांविषयीं. सामान घेऊन बाहेर पडतां न पडतां कोणी गृहस्थ जवळ येऊन ‘टॅक्सी हवी काय?’ म्हणून विचारील. काशी-गयेच्या स्टेशनावर यात्रेकरूंस गांठणाऱ्या मंडळींचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना अधिक सांगावयास नको. परवान्याची टॅक्सी बाहेर नेमलेल्या अड्ड्यावर रांगेनें मिळते. तिचा चालक गिऱ्हाईक शोधीत आंत येत नाहीं. गाडीचा क्रमांक टिपून ठेवावा व उतरतांना छापील पावती मागून घ्यावी. सामान मागें राहिलें तरी तीच उपयोगी पडते.

इतर शहरांचे नियम वेगळे असतात. पॅरिसमध्यें २०१६ पासून मुख्य विमानतळावरून शहरांत येण्याचे दर बांधलेले आहेत, आणि मुक्काम सीन नदीच्या कोणत्या तीरावर, यावर ते अवलंबून असतात. कोठें मीटर चालतो, तर कोठें मुंबईप्रमाणें खिडकीवर आगाऊ पैसे भरावयाची सोय असते. मोबाईलवरून बोलावलेल्या गाडीचें भाडें आधींच दिसतें. तिनें जावयाचें नसलें तरी अंदाजास तें पुरेसें होतें.

मात्र वाजवी भाडें म्हणजे कमींत कमी भाडें नव्हे. न्यूयॉर्कचा टॅक्सीचालक पुष्कळदां बांगलादेश, पाकिस्तान किंवा पंजाब येथून पोटासाठीं आलेला असतो. तेथें भाड्यावर पंधरा-वीस टक्के बक्षिसी देण्याची रूढि आहे व त्याच्या मिळकतीचा तो एक भागच असतो. त्यांत हात आखडता घेऊं नये.

तात्पर्य, निघण्यापूर्वीं मुलाकडून तीन गोष्टी मागवून पारपत्राबरोबर ठेवाव्या: घराचा पत्ता इंग्रजींत, टॅक्सीच्या अड्ड्याची जागा आणि टोलसह भाड्याचा अंदाज. तो स्वतः न्यावयास येणार असला, तरीहि.