सेल्फ फिरतो, पण गाडी सुरू का होत नाही?

पहाटेची वेळ होती. देऊळगाव राजाला आमच्या शेजारच्या आजींच्या छातीत कळ आली. त्यांना जालन्याला न्यायचे ठरले. मोटार दारातच होती. मुलाने चावी फिरवली. घर्र घर्र आवाज झाला, पण इंजिन काही सुरू होईना. त्याने पुन्हा पुन्हा सेल्फ मारला. शेवटी बॅटरीही उतरली. दुसरी गाडी मिळेपर्यंत अर्धा तास गेला. आजी वाचल्या, पण तो अर्धा तास आम्ही विसरलो नाही.

सकाळी मिस्त्री आला. त्याने पाहिले तर टाकीत पेट्रोलच नव्हते! काटा मात्र पाव टाकी दाखवत होता. काटा अडकला होता.

इंजिन हे चुलीसारखे आहे. चुलीला सरपण लागते, वारा लागतो आणि काडी लागते. पेट्रोलच्या इंजिनालाही तसेच. पेट्रोल हे सरपण. हवा हा वारा. प्लगची ठिणगी ही काडी. एक किलो पेट्रोल जळायला सुमारे १५ किलो हवा लागते. शिवाय दट्ट्याने ते मिश्रण चांगले दाबले पाहिजे. यातले एक जरी चुकले, तरी इंजिन नुसते फिरते, पेटत नाही.

सेल्फ जोरात फिरतो, म्हणजे बॅटरी बहुधा ठीक आहे. मग दोष दुसरीकडे शोधावा. तो असा :

१. टाकीत पेट्रोल आहे का? नुसत्या काट्यावर विसंबू नये.

२. चावी अर्धी फिरवून कान द्यावा. नव्या गाड्यांत मागच्या बाजूला पंपाचा बारीक आवाज दोन सेकंद येतो. नाही आला, तर पंप किंवा त्याचा फ्यूज पाहावा.

३. समोर चावीचे चित्र लुकलुकते का? मग गाडीने चावी ओळखली नाही. दुसरी चावी लावून पाहावी.

४. पेट्रोलचा उग्र वास येतो का? मग प्लग भिजले असतील. थोडा वेळ थांबावे.

५. इंजिन नेहमीपेक्षा हलके व भरभर फिरते का? मग टायमिंगचा पट्टा तुटला असेल. सेल्फ मारणे बंद करावे व मिस्त्रीला बोलवावे.

डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. तिथे हवा दाबून इतकी तापते, की डिझेल आपोआप पेटते. पण डिझेल पूर्ण संपले, तर नळीत हवा शिरते. मग पुष्कळ गाड्यांत नुसते डिझेल ओतून भागत नाही. आधी ती हवा काढावी लागते.

काही गोष्टी मात्र करू नयेत. एका वेळी दहा सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नये. मध्ये थोडे थांबावे. ठिणगी पाहायला प्लगची तार हातात धरू नये; तिच्यात हजारो व्होल्ट असतात. इंजिनाजवळ विडी पेटवू नये. आणि सेल्फ नीट फिरत असेल, तर गाडी ढकलून काय उपयोग? ढकलल्याने इंजिन फिरते, आणि ते तर फिरतेच आहे.

पण घरात माणूस अत्यवस्थ असेल, तर दोष शोधत बसू नये. लगेच १०८ क्रमांकावर फोन करावा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका २०१४ सालापासून आहे. तिला पैसे पडत नाहीत. गाडी उद्या दुरुस्त होईल. माणूस आधी पोहोचला पाहिजे.